हजार वातींचं एक युनिट

८ जानेवारी २०२५, बुधवार

ही डायरी पतपेढी दरवर्षी फुकट देते आणि दरवर्षी रसिका तिच्यात माशांचे भाव लिहिते. यंदा मी आधीच उचलून ट्रंकेत टाकली. माझी शाळा चौथीपर्यंत, पण चौथीचं जे येतं ते पक्कं येतं.

आज लाईटबिल आलं. मागचं बिल अठ्ठ्याण्णव युनिट, आठशे वीस रुपये. हे दोनशे पंच्याहत्तर युनिट, तीन हजार एकशे सत्तर. चष्मा पुसून पुन्हा वाचलं, आकडा तोच. मुलगा, गुरुप्रसाद, कुडाळला कंपनीत जातो. संध्याकाळी आल्यावर त्याच्या हातात दिलं, तर न बघताच खिशात घातलं. जो बिल बघत नाही त्याला आत काय आहे ते ठाऊक असतं.

माझा संशय फ्रीजरवर. रसिका, माझी सून, गेल्या महिन्यापासून पर्यटकांना माशाचं जेवण घालते. त्यासाठी हा पेटाऱ्याएवढा जुना फ्रीजर मालवणातून आणला. मी तोंडावर सांगितलं, "शिवरात्रीपर्यंत बिल खाली इला नाय, तर ह्यो फ्रीजर घराभायर."

ती म्हणाली, "बरा, आई."

एका नारळावरून माझ्याशी तीन दिवस भांडणारी बाई, आणि सगळा धंदा ज्याच्यावर उभा त्या फ्रीजरला नुसतं "बरा"? काहीतरी शिजतं आहे.

त्यात गुरुप्रसादने दुसरा कागद पुढे केला. "आये, सही कर गो. काकीक नवो मीटर घेवचो आसा."

काकी म्हणजे सुभद्रा, माझी धाकटी जाव. हे घर दोघा भावांच्या नावावर, मध्ये भिंत. भाऊ दोघेही गेले, भिंत आहे. ती दहा वर्षं मुंबईला लेकाकडे होती, तेवढ्यात तिच्याकडचा मीटर काढून नेला. डिसेंबरात चंपाषष्ठीला परत आली. आता नव्या मीटरला माझी सही हवी, की माझी काही हरकत नाही. माझी हरकत आहे. चौदा वर्षांपासून आहे.

"मग काळोखात बसता काय ती?" मी विचारलं.

"चार्जिंगचो दिवो आसा," तो म्हणाला आणि पाय धुवायला गेला. आल्या आल्या पाय धुतले होते, मी बघितलं होतं.

९ जानेवारी, गुरुवार

मंगेश वायरमनला बोलावलं. वाडीतली सगळी वायरिंग त्याच्या हातची, पन्नाशीचा झाला तरी शिडीवर माकडासारखा चढतो. विचारलं, कुठली वस्तू किती खाते ते कसं कळतं?

तो म्हणाला, प्रत्येक वस्तूच्या पाठीवर आकडा असतो, किती वाती ते. हजार वाती एक तास जळल्या की एक युनिट.

हे मला एकदम पटलं. वात मला कळते. नऊ वातींचा बल्ब, पंचाहत्तर वातींचा पंखा. मी लिहून घेत होते ते त्याने वाकून बघितलं आणि हसायला लागला.

"काकी, वात न्हय, वॅट. वॅट म्हणतत तेका."

"ताच लिवलंय मी. वात."

"वॅट गो!"

"मेल्या, हजाराचो एक होता ना? मग वात म्हण नाय तर वांगा म्हण."

वाती मोजायला मला कोणी शिकवू नये. चौदा वर्षांमागे सुभद्राने लक्षवातीचं व्रत धरलं होतं. लाख वाती वळायच्या आणि देवापुढे जाळायच्या. त्यातल्या पन्नास हजार मी वळल्या, बोटांची साल निघाली. हजाराची एक जुडी, अशा पन्नास. आणि उद्यापनाच्या दिवशी हिने चार बायकांत माझी एक जुडी सोडून मोजली आणि म्हणाली, "हेच्यात सोळा कमी आसत, बाय." त्या दिवसापासून तिच्याशी बोलले नाही. माझी मोजणी कमी निघत नाही. वाऱ्याने उडाल्या असतील.

मंगेशने सांगितलं, रोज सकाळी सातला मीटरचा आकडा लिहा. आज ४४१२.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. आकडा ४४५८. पाच दिवसांत सेहेचाळीस युनिट, म्हणजे दिवसाला नऊ आणि वर.

शेजारपाजारच्या बायका तिळगूळ द्यायला आल्या. भिंतीपलीकडची आली नाही. आल्यापासून एकदाही विहिरीवर दिसली नाही, अंगणातसुद्धा नाही. मुंबईचं पाणी पिऊन पाय जमिनीला लागत नसावेत. रसिका मात्र तिळाचे लाडू झाकून मागच्या दाराने गेली. मला वाटतं माझ्या पाठीला डोळे नाहीत असं तिला वाटतं.

१६ जानेवारी, गुरुवार

आज अख्खा दिवस हिशेब केला. एकेका वस्तूच्या पाठीमागे जाऊन आकडा वाचला. फ्रीजच्या मागे वाकताना कंबर धरली ती धरलीच.

सहा बल्ब नऊ-नऊ वातींचे, पाच तास: दोनशे सत्तर. दोन पंखे आठ तास: बाराशे. टीव्ही साठ वाती तीन तास: एकशे ऐंशी. मिक्सर पाचशे वातींचा, अर्धा तास: अडीचशे. विहिरीचा पंप साडेसातशे वाती, अर्धा तास: पावणेचारशे. घरातल्या फ्रीजचे मंगेशने दिवसाचे हजार धरायला सांगितले.

राहिला गुन्हेगार. फ्रीजरच्या पाठीवर दोनशे वाती. चोवीस तास म्हणजे अठ्ठेचाळीसशे. मला आनंद झाला, सापडला! पण मंगेश फोनवर म्हणाला, "तो सारखो चलणा नाय, काकी. थंड झालो की बंद पडता, गरम झालो की पुन्ना चालू. आवाज बंद, तेव्हा खाणा पण बंद."

म्हणून घड्याळ घेऊन फ्रीजरपुढे स्टुलावर बसले. अकरा मिनिटं घरघर, अकरा मिनिटं गप्प. असं सहा वेळा बघितलं. अर्धा दिवस चालतो, अर्धा दिवस झोपतो. म्हणजे चोवीसशे. माझ्या दिवंगत नवऱ्यापेक्षा बरा.

रसिका सुरमई कापत होती. म्हणाली, "आई, फ्रीजराक नजर लावतास काय?"

"पहारो करतंय."

सगळ्यांची बेरीज दिवसाला पाच हजार सहाशे पंच्याहत्तर वाती. तीस दिवसांचे एकशे सत्तर युनिट. बिल दोनशे पंच्याहत्तरचं.

एकशे पाच युनिट कुठे आहेत? तीनदा बेरीज केली. फ्रीजर बहात्तर युनिट खातो, त्याला मी फाशी देऊ शकत नाही. तिसरा कोणीतरी आहे.

२० जानेवारी, सोमवार

रसिकाने बाजारातून प्लास्टिकचे दोन कॅन आणले. वर लिहिलं आहे डिस्टिल वॉटर.

"ह्या कसला पाणी?"

"बॅटरीत घालूचा, आई."

"खंयच्या बॅटरीत?"

ती मासे बघायला निघून गेली. आमच्या घरात बॅटरी म्हणजे उशाखालचा टॉर्च. दुपारी बघितलं तर एक कॅन जागेवर नाही. पाहुण्यांच्या सोलकढीत घालत असली तर एक दिवस आम्हा सगळ्यांना घेऊन जेलात जाईल.

२३ जानेवारी, गुरुवार

भिंतीला कान लावला. लावला म्हणजे लसूण सोलायला तिथे बसले. पलीकडे आवाज आहे. घुंऽऽ चालतं आणि मध्येच फुस्स. घुंऽऽ, फुस्स. अकरा मिनिटांनी थांबत नाही, म्हणजे फ्रीजर नाही. चार्जिंगच्या दिव्यावर घुंऽऽ होत नाही.

मंगेशला रस्त्यात गाठलं. विचारलं, "सुभद्राच्या घरात लाईट खंयसून?"

त्याच्या हातातली पक्कड खाली पडली. "माका काय म्हायत, काकी."

"वाडीतली सगळी वायर तूच ओढतंस ना रे?"

"सगळी म्हणजे... सगळी नाय." आणि स्कूटरला किक मारू लागला. चार किका मारल्या. त्याच्या स्कूटरला बटण आहे.

मागच्या पडवीत गेले. कौलांच्या खालून एक पांढरी वायर भिंतीपलीकडे गेली आहे. वर कोळीष्टकं आहेत, वायर मात्र स्वच्छ.

म्हणजे माझी वीज ती खाते. माझा मुलगा, माझी सून आणि माझा वायरमन तिघे मिळून तिला खायला घालतात. फ्रीजर विकावा लागला असता तरी रसिका बोलली नसती. का, ते मला कळत नाही. सुभद्राने तिला काय कबूल केलं आहे? तिच्या वाटणीचे आंबे?

२७ जानेवारी, सोमवार

वायर तोडायला कोयता काढला होता. मग ठरवलं, आधी ती काय चालवते ते काढायचं. चोराला धरायचं तर मुद्देमालासकट.

खिडकीत चिंचोके ठेवले. घुंऽऽ ऐकू आलं की तासाला एक. पाच दिवस केलं. चार दिवस दहा, एकदा नऊ. सकाळी तीन तास चालतं, मग बंद. दुपारी पुन्हा. मध्येच असं बंद करते जसं कोणी चहाचा गॅस बारीक करतं.

एकशे पाच युनिट म्हणजे दिवसाला साडेतीन हजार वाती. दहा तासांत वाटले तर साडेतीनशे. म्हणजे साडेतीनशे वातींची वस्तू आहे. वस्तू न बघता तिचं वजन काढलं. चौथीच्या गुरुजींनी मला उगाच कोंबड्यासारखं उभं केलं होतं.

पण साडेतीनशे वातींचं दहा तास काय चालतं? मिक्सर पाचशेचा आणि दहा तास कोण वाटण वाटतं? इस्त्री हजाराची. मला आता खात्री आहे, ती पापड-शेवयांचं यंत्र घेऊन आली आहे. रसिकाच्या गिऱ्हाइकांवर डोळा. आणि ही खुळी तिला लाडू नेऊन देते.

३ फेब्रुवारी, सोमवार

मालवणात विजेच्या दुकानात गेले होते. साडेतीनशे वातींची वस्तू दाखवा म्हटलं. दुकानदार म्हणाला, "आजी, वस्तू कोणती ते सांगा, वॅट मी सांगतो." सगळ्यांचं शिक्षण उलट्या बाजूने झालं आहे.

८ फेब्रुवारी, शनिवार

आकडा ४६८७. बरोबर एक महिना. पुन्हा दोनशे पंच्याहत्तर. वर शंभरापुढचं युनिट दुप्पट महाग, असं मंगेश सांगून गेला होता. म्हणजे ती माझ्या महागातल्या वाती खाते.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज धरली.

गुरुप्रसाद कामाला, रसिका बाजारात. अकरा वाजता घरातली सगळी बटणं बंद केली. फ्रीज, फ्रीजर, पंप, टीव्हीचं खालचं बटणसुद्धा. मीटरवरचा लाल दिवा बघितला. सगळं बंद असेल तर तो लुकलुकत नाही. लुकलुकत होता. निवांत, एखादा जेवण झाल्यावर ढेकर देतो तसा.

मग मेन स्विच खाली ओढला.

घुंऽऽ थांबलं. मी म्हटलं, बस आता काळोखात तुझ्या शेवयांत. तेवढ्यात पलीकडे टींऽऽ टींऽऽ असा बारीक आवाज सुरू झाला. शेवयांचं यंत्र ओरडत नाही. मग भिंतीतून सुभद्राचा आवाज आला. चौदा वर्षांनी.

"बाय... लाईट... गेली... काय?"

चार शब्द आणि प्रत्येकामागे विहिरीतून कळशी ओढल्यासारखा श्वास. ती नाटक करणारी नाही, तिला तेवढी अक्कल नाही.

मेन वर केला. चोरी सिद्ध झाली होती, उगाच खाली ठेवून काय करायचं?

मग मागच्या दाराने पलीकडे गेले. तिला बघायला नाही, आकडा बघायला. खाटेशेजारी चाकांची पेटी, घुंऽऽ, फुस्स. पेटीच्या तोंडाला बाटली, बाटलीत पाणी बुडबुडतं, शेजारी माझ्या घरातून गेलेला डिस्टिल वॉटरचा कॅन. बाटलीतून निघालेली नळी सुभद्राच्या नाकात. ती पाठीला तीन उशा लावून बसली होती. अर्धी राहिली आहे.

मी पेटी फिरवली. पाठीवर लिहिलं होतं ३५० आणि पुढे डब्ल्यू. डब्ल्यू म्हणजे वात, हे मला आता येतं. साडेतीनशे! एक वात इकडे नाही की तिकडे नाही.

"ह्या काय?" मी विचारलं.

"हवेचा मशीन. फुप्फुसा गेली माजी. मुंबयच्या डाक्तरान दिल्यान."

"माजी वीज चोरलंस."

"होय."

"सांगूक काय झालेला?"

"तू वायर तोडलं असतंस." थांबून श्वास घेतला. "मीच पोरांका शपथ घातलंय. तुका कळला, तर मशीन लावची नाय म्हटलंय."

कोयता काढला होता हे मी तिला सांगितलं नाही.

"किती तास लावतंस?"

"धा."

"डाक्तरान किती सांगल्यान?"

ती भिंतीकडे बघायला लागली. "धाच."

मागे रसिका येऊन उभी होती, हातात माशांची पिशवी, तोंड पांढरं. म्हणाली, "सोळा सांगल्यानी, आई. काकी तुमच्या बिलाक भियान बंद करतत."

मला जो राग आला तो गेल्या महिनाभरात आला नव्हता.

"सुभद्रा, चोरी करूची तर पुरी तरी करूची! माज्या जुडीत सोळा वाती कमी, म्हणान चार बायकांत बोललंस. आज तुज्या सोळात सहा कमी आसत."

ती हसायला गेली आणि खोकला आला. तिचा खोकला संपेपर्यंत मी उभी राहिले. मग घरी आले. कंबर दुखते.

१२ फेब्रुवारी, बुधवार

सगळे माझ्या तोंडाकडे बघतात. गुरुप्रसाद जेवताना म्हणाला, "आये, चुकला माजा."

"बिल बघीनाय झालंस तेव्हाच कळलेला माका," मी म्हटलं. मग हिशेब सांगितला. साडेतीनशे वाती सोळा तास म्हणजे दिवसाला पाच हजार सहाशे. महिन्याला एकशे अडुसष्ट युनिट. आमचे एकशे सत्तर. मिळून तीनशे अडतीस. इतके झाले पाहिजेत.

"आणि फ्रीजर?" रसिकाने विचारलं.

"तो थांबता, तेव्हा खाणा नाय. तसला जनावर घरात असूक हरकत नाय."

ती आत जाऊन भांडी जोरात घासायला लागली. सुभद्राला निरोप पाठवला की नळी नाकात असते, हात मोकळे असतात. रोज वाडगाभर लसूण सोलून पाठवायचा. खानावळीला लागतो.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

आजपासून नवा हिशेब. आकडा ४७७८. लसूण आला. साली चिकटलेल्या, परत पाठवला.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शिवरात्र. फ्रीजर घरात आहे. सुभद्राकडे गेले होते, पेटीमागची धूळ बघायला. तिने उद्यापनाचा विषय काढला. म्हणाली, "बाय, त्या सोळा वाती माज्याच पदरात अडकलेल्यो. घराक जावन कपडे बदलताना गावल्यो. तुका सांगूक लाज वाटली."

चौदा वर्षं! मी म्हटलं, "माका म्हायत होता, माजी मोजणी चुकणा नाय." आणि निघून आले. वाऱ्याने उडाल्या असं मी लिहिलं होतं, ते खोडत नाही. डायरीत खाडाखोड बरी दिसत नाही.

२० मार्च, गुरुवार

आकडा ५०९८. तीस दिवस झाले. पाच हजार अठ्ठ्याण्णवातून चार हजार सातशे अठ्ठ्याहत्तर गेले, राहिले तीनशे वीस.

तीनशे अडतीस व्हायला हवे होते. अठरा कमी. अठरा हजार वाती. भागिले साडेतीनशे, एक्कावन्न तास. म्हणजे रोज दीड तासाहून जास्त ती मशीन बंद ठेवते आणि मला सोळा सांगते. तोंडावर!

संध्याकाळी गुरुप्रसादने पुन्हा तो कागद काढला. मंगेशही बरोबर होता. म्हणाला, "काकी, दोन मीटर झाले, तर पयली शंभर युनिटा दोघींका स्वस्तात गावतली. म्हयन्याक पाचशे रुपये वाचतले."

मी मांडून बघितलं. बरोबर आहे. तो वायरमन म्हणून खोटा असेल, हिशेबाला खरा आहे.

"सही करूची नाय," मी म्हटलं.

"अजून हरकत कसली, आये?" गुरुप्रसाद वैतागला. "आता बोलतास एकमेकींशी!"

"तिचो मीटर तिच्या दारात गेलो, की ती किती तास लावता ता माका कसा कळतला? तू सांगतलंस? तू बिलसुद्धा बघणंस नाय."

कागद घडी करून ट्रंकेत, या डायरीच्या जागी ठेवला. पाचशे रुपयांची मी दुसरीकडे काटकसर करीन. टीव्ही आहे.

२१ मार्च, शुक्रवार

दुपारी दोनला घुंऽऽ बंद झालं. उलथणं घेऊन भिंतीवर तीनदा आपटलं.

"सुभद्रा! चालू कर."

"चालूच आसा, बाय."

"माका शिकव नको."

पलीकडे बटण वाजलं. "केलंय गो, केलंय."

मी उठून मीटरापाशी गेले. लाल दिवा भराभरा लुकलुकायला लागला होता. शंभरपर्यंत मोजलं, मगच परत आले. तिच्या सांगण्यावर कोण विश्वास ठेवतं.